अखेर डावा कोपरा हलला

मंडळी, काचमण्यांनी भरलेल्या पेटीतलं पाणी तळातून तापवलं की अभिसरण (तापलेलं पाणी वर, निवलेलं खाली असं चक्र) कसं होतं, ते मी पाहतोय. काल रात्री साडेदहाला पाण्यात सोडलेल्या रंगाचा जांभळा धागा वर चढला! महिनाभर छळणारा डावा कोपरा वाहायला लागला.

पेटी तीच: ३० सेंटिमीटर लांब काचेची टाकी, १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत ३ मिलिमीटरचे काचमणी, तळाशी २० वॅटचा सिलिकॉन पॅड, भोवती थर्माकोल. वाळू सोडून मणी का घेतले ते मागे लिहिलंय, थोडक्यात असं: पाझर कणाच्या व्यासाच्या वर्गाने वाढतो. तळ-माथ्यात १० अंशांचा फरक धरला तर माझ्या गणिताने मण्यांचा रॅले-डार्सी आकडा (सच्छिद्र थरात अभिसरण किती जोरात होईल ते सांगणारा) ४०० च्या घरात जातो, १ मिलिमीटर वाळूचा ४५ वरच अडतो. लॅपवूड या शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये काढलेला, अभिसरण सुरू होण्याचा उंबरठा ३९.५ चा, वाळू तो जेमतेम ओलांडते. मण्यांत अभिसरण जोरात व्हायला हवं. उजवीकडे झालंही. डावीकडे मात्र तळ ६३ अंश, माथा ३२, म्हणजे उष्णता वर जातच नाही, आणि पॅड वीज खातोच आहे.

आधी संशय पॅडवर. फिरवून लावला, तरी तोच कोपरा. मग सेन्सर उकळत्या पाण्यात धरून तपासले. पाचांतले दोन स्वस्तातले होते, ते दोन अंशांनी चुकत होते. (स्वस्त सेन्सर घेऊ नका, खरंच.) मग मणी. विक्रेत्याने बारीक-मोठा मिसळ माल पाठवला होता, आणि बारीक मणी मोठ्यांच्या फटी बुजवतात. गव्हाच्या चाळणीने दोन संध्याकाळी चाळत बसलो. थोडा फरक पडला, पण कोपरा हलेना.

परवा दिवे गेले होते, म्हणून मोबाइलचा टॉर्च काचेला आडवा लावून भिंगातून पाहिलं. मण्यामण्यांच्या मध्ये मोहरीएवढे चंदेरी बुडबुडे! उघड्या पातेल्यात बुडबुडा सुटून वर जातो. इथे फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे पृष्ठताण त्याला धरून ठेवतो आणि पाण्याची वाट बंद होते. मी पाणी नेहमी उजवीकडून वरून ओतायचो, म्हणजे हवा डावीकडे कोंडायची. शिवाय विहिरीचं पाणी तापलं की विरघळलेली हवा आणखी सुटते.

मग सगळं उपसलं. पाणी खळखळून उकळलं, झाकून निवू दिलं, आणि सलाईनच्या नळीने तळातून थेंबाथेंबाने भरलं. पाऊण तास लागला. पाणी पेटीतच फिरत राहतं, म्हणून उकळण्याचा खर्च एकदाच. नंतर तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा सोडला. दहा मिनिटं काही नाही. मग केसाएवढी जांभळी रेघ निघाली, मण्यांना वळसे घेत वर गेली, माथ्यावर पसरली आणि काचेलगत खाली उतरली. आईला हाक मारून दाखवली. तळ-माथ्याचा फरक आता ७ अंश, वीज तेवढीच.

पुढे पेटी दहा अंश तिरपी करून पाहणार होतो. पण हे लिहिताना वाटतंय, आधी पॅड अर्ध्या तळापुरताच ठेवावा. सध्या दोन चक्रं शेजारी-शेजारी फिरतात. अर्धा तळ तापवला तर एका बाजूने चढणारं, दुसऱ्या बाजूने उतरणारं एकच मोठं चक्र मिळायला हवं. भाणाखालचा (पाणी तापवायच्या हंड्याखालचा) जाळही आम्ही एका कडेलाच सारतो. दहा-दहा वॅटचे दोन पॅड माझ्याकडे आहेत. आज डावा चालू, उजवा बंद. मणी हलवणार नाही, हवा पुन्हा शिरायला नको.