आठ रुग्णांमागे एक संडास

"मॅडम, तुमचा सगळ्यात आवडता निकाल कोणता?" लॉ कॉलेजात शिकवायला लागल्यापासून दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. मुलांना वाटतं, मी केशवानंद भारती म्हणेन, संसदेला राज्यघटनेची मूळ चौकट बदलता येत नाही असं सांगणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मी फ्रँक जॉन्सन या अमेरिकन न्यायाधीशांचं नाव घेते आणि वर्ग कोरा चेहरा करून बघत राहतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

जॉन्सन अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश होते. म्हणजे जिथे साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहतात, उलटतपासणी होते, ते पहिल्या पायरीवरचं कोर्ट. 1955 मध्ये नेमणूक झाली आणि पुढच्याच वर्षी शहराच्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या तिघांच्या पीठात ते होते. निकाल दोन विरुद्ध एक. 1965 मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला परवानगी त्यांनीच दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढा रस्त्यावर उतरण्याचा हक्क मोठा, आणि इथले अन्याय प्रचंड आहेत, असं त्यांनी त्या आदेशात म्हटलं. 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. आई वाचली.

पण माझा जीव अडकलाय तो व्हायट विरुद्ध स्टिकनी या खटल्यात. टस्कलूसाचं ब्राइस हॉस्पिटल हे राज्य सरकारचं मनोरुग्णालय. पाचेक हजार रुग्ण, आणि जेवणावर माणशी दिवसाला 50 सेंटही खर्च होत नव्हते. 1970 मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून तिथले कर्मचारी काढून टाकले. दावा उभा राहिला तो तिथे ठेवलेल्या एका 15 वर्षांच्या मुलाच्या नावाने.

जॉन्सन यांनी 1971 मध्ये सांगितलं: उपचारासाठी माणसाला सक्तीने कोंडता, तर उपचार हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. पैसे नाहीत, माणसं नाहीत, ही सबब चालणार नाही. इथवर थांबले असते तर निकाल नुसता सुंदर राहिला असता. 1972 मध्ये त्यांनी किमान मानकंच लिहून दिली. आठ रुग्णांमागे एक संडास. सहा जणांमागे एक बेसिन. एका खोलीत सहापेक्षा जास्त माणसं नकोत. नळाचं गरम पाणी किती अंशांचं, तेही.

न्यायाधीशाने संडास मोजायचे का, असा आक्षेप घेतात. मला तो पटत नाही. आधी कुणी मोजले नव्हते म्हणून तर माणसं तशी राहत होती. आदेश कागदावर आला म्हणून सगळं सुधारलं असंही नाही. खटला 2003 पर्यंत चालला. जॉन्सन तोवर हयातही नव्हते.

त्या मानकांत एक कलम आहे. रुग्णाला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे. ते मी वर्गात मोठ्याने वाचते, आणि दरवेळी आवाज कापतो. माझी मावशी अशाच एका ठिकाणी अकरा वर्षं होती. भेटायला गेलो की ती मळखाऊ रंगाच्या, कुणाच्यातरी मापाच्या झग्यात समोर यायची. आई दरवेळी तिची जांभळी इरकल पिशवीत घालून न्यायची. "नियमात बसत नाही," असं म्हणून गेटवरचा माणूस ती परत द्यायचा. घरी आल्यावर आई साडीची घडी मोडून पुन्हा घालायची आणि कपाटात ठेवायची, पुढच्या खेपेसाठी.