कोणते शाहू, कोणते बाजीराव?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न दरवेळी एकाच वळणाचा असतो: मराठ्यांच्या इतिहासात बाजीराव दोन, माधवराव दोन, शाहू निदान तीन, संभाजी तर मोजूच नयेत, मग वाचताना नेमका कोणता माणूस हे ओळखायचं कसं? बहुतेक जण ‘पहिला, दुसरा’ असे आकडे पाठ करायला सांगतात. मी म्हणेन, आकडे बाजूला ठेवा आणि वडिलांचं नाव बघा.

ही युक्ती माझी नाही, त्या काळच्या माणसांचीच आहे. शिवाजी महाराजांच्या मुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ असं आहे, म्हणजे शहाजीचा पुत्र शिव, त्याची ही मुद्रा. संभाजी महाराजांच्या मुद्रेत ‘श्री शंभोः शिवजातस्य’, म्हणजे शिवापासून जन्मलेला शंभू. नावाला वडिलांचा पत्ता जोडल्याशिवाय ते पुरं होत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पत्ता आपण गाळला आणि मग गोंधळलो.

बाजीरावांचं बघा. थोरले बाजीराव कागदोपत्री ‘बाजीराव बल्लाळ’. बल्लाळ म्हणजे बाळाजी. वडील बाळाजी विश्वनाथ. १७२० मध्ये पेशवाई मिळाली, १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले. दुसरे ‘बाजीराव रघुनाथ’, रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांचे चिरंजीव, जन्म १७७५, वसईचा तह १८०२, मृत्यू १८५१ मध्ये ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला. पहिल्यांचे हे सख्खे नातू. नुसता ‘बाजीराव पेशवे’ असा उल्लेख आला आणि सोबत बल्लाळ दिसलं, की निम्मं काम झालं. अडचण एवढीच की बल्लाळ हे आडनाव किंवा पदवी आहे असं समजून पुष्कळ जण ते पुढे कोणालाही चिकटवतात. ते फक्त ‘बाळाजीचा मुलगा’ एवढंच सांगतं. म्हणूनच ते थोरल्या माधवरावांनाही लागतं, कारण त्यांचे वडीलही बाळाजी.

सगळ्यात चिवट जोडी मात्र वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फार कोणी बघत नाही. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे, आणि बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस. दोघांचं पाळण्यातलं नाव बाळाजी, दोघांचं घरातलं नाव नाना, दोघं पुण्यात, आणि काही वर्षं एकाच वेळी. पेशवे १७२० चे, फडणवीस १७४२ चे. ‘पानिपतावर नाना होते का?’ असं कोणी विचारलं तर ‘होते’ आणि ‘नव्हते’ ही दोन्ही उत्तरं खरी ठरतात. १४ जानेवारी १७६१ ला अठरा वर्षांचे नाना फडणवीस सदाशिवराव भाऊसाहेबांच्या छावणीत होते आणि जीव वाचवून परतले; नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते, त्यांना बातमी भेलशाजवळ (आजचं विदिशा) समजली आणि त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर ते वारले. इथे नाव कामाला येत नाही, टोपणनाव येत नाही, गावही येत नाही. उरतं ते ‘बाजीराव’ की ‘जनार्दन’ एवढंच. आणखी पुढे गेलात तर १८५७ चे नानासाहेब भेटतात. त्यांचं नाव धोंडोपंत, बाजीराव रघुनाथांनी १८२७ मध्ये घेतलेले दत्तक पुत्र. पानिपत, पेशवाईचा शेवटचा काळ आणि कानपूर अशा तीन गोष्टी एकाच ‘नाना’च्या माथी मारलेला मजकूर अधूनमधून दिसतो, त्याचं मूळ इथे आहे.

ही नावं फिरून फिरून येतात तरी का? आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, आणि घरातल्या अकाली गेलेल्या माणसाचं नाव पुढे चालवायची रीत. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले. १६५७ मध्ये पुरंदरावर मुलगा झाला त्याचं नाव संभाजी. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये गेले. डिसेंबरात नातू झाला तो बाळाजी. आता सासऱ्याचं नाव सुनेच्या तोंडी यायचं नाही, मग मुलाला हाक मारायला नाना, दादा, भाऊ, आबा असं काहीतरी हवंच. त्या हाकेच्या नावांची यादीही तोकडी, म्हणून तिथेही पुन्हा गर्दी.

आकड्यांचा घोळ याच रीतीतून होतो. १६८२ मध्ये संभाजी महाराज आणि येसूबाईंना मुलगा झाला, त्याचं नाव आजोबांवरून शिवाजी. हेच पुढे शाहू. १६९६ मध्ये राजाराम महाराज आणि ताराबाईंना मुलगा झाला, त्याचंही नाव आजोबांवरून शिवाजी. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाईंनी त्यांचा हक्क नाकारला, तेव्हा गादीवर हक्क सांगणारे दोघेही नावाने शिवाजीच होते. खेडची लढाई झाली, शाहू साताऱ्याला स्थिरावले, जानेवारी १७०८ मध्ये राज्याभिषेक झाला. मग ‘दुसरे शिवाजी’ कोण? एका पुस्तकात ताराबाईंचे पुत्र, दुसऱ्या पुस्तकात शाहू. पुढे कोल्हापूरच्या गादीवर आणखी शिवाजी झाले: एक १७६२ ते १८१३, एक १८८३ मध्ये अहमदनगरला वारले ते, आणि मधलेही. त्यांचे आकडे कोणी थोरल्या महाराजांपासून मोजतो, कोणी कोल्हापूरची गादी वेगळी झाल्यापासून. म्हणून ‘तिसरे शिवाजी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. गादी, वडील आणि वर्ष लिहा: ‘कोल्हापूरचे शिवाजी, राजाराम-ताराबाईंचे पुत्र, मृत्यू १७२६’. लांब होतं खरं, पण चुकत नाही.

शाहूंसाठी गादीची कसोटी पुरते. साताऱ्याचे थोरले शाहू, १६८२ ते १७४९. साताऱ्याचेच धाकटे शाहू, १७७७ ते १८०८ गादीवर, प्रतापसिंहांचे वडील. यांची आठवण फार कोणाला नसते. आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू, जन्म २६ जून १८७४, मृत्यू ६ मे १९२२. सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के राखीव जागांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा यांचा. बाजीराव-निजाम-दिल्ली असं काही मजकुरात असेल तर साताऱ्याचे, वसतिगृहं-शिक्षण-आरक्षण असेल तर कोल्हापूरचे. चित्राच्या बाबतीत त्याहून सोपं: छायाचित्र असेल तर ते साताऱ्याच्या या दोन शाहूंचं असूच शकत नाही, छायाचित्रणाची कलाच १८३९ मध्ये जगापुढे आली.

राजर्षींच्या निमित्ताने वडिलांच्या नावाची युक्ती कुठे फसते तेही सांगून टाकतो. ती दत्तकात फसते. राजर्षी जन्माने कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे पुत्र यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला आनंदीबाईराणीसाहेबांनी दत्तक घेतल्यावर ते शाहू छत्रपती झाले आणि कागदोपत्री वडील म्हणून शिवाजी आले, तेच १८८३ मध्ये वारलेले. एकाच माणसाची दोन नावं आणि दोन वडील. चिमाजी अप्पांचंही तसंच. एक चिमाजी बल्लाळ, थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, १७३९ मध्ये वसई घेणारे. दुसरे चिमाजी रघुनाथ, बाजीराव रघुनाथांचे धाकटे भाऊ. दोन्ही जागी थोरला बाजीराव आणि धाकटा चिमाजी, काय म्हणावं! पण १७९६ मध्ये या दुसऱ्या चिमाजींना सवाई माधवरावांच्या पत्नी यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन काही महिने पेशवे केलं, तेव्हा ते ‘चिमाजी माधवराव’ झाले. म्हणजे एकच माणूस दोन नोंदींत दोन माणसं म्हणून जाऊन बसतो. सूची करणाऱ्यांनी दत्तकाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं एका नोंदीत आणावीत, आणि दत्तकाची तारीख लिहावी. ती तारीख गाळली तर पुढचा माणूस पुन्हा दोन नोंदी करतो.

माधवरावांना बल्लाळ आणि नारायण. थोरले माधवराव बल्लाळ, मृत्यू थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२. सवाई माधवराव नारायण, जन्म पुरंदरावर १८ एप्रिल १७७४, मृत्यू २७ ऑक्टोबर १७९५. मजकुरात सोबतीला कोण आहे यावरून ओळखू असं म्हणाल तर जपून: नाना फडणवीस, महादजी शिंदे, रामशास्त्री, हरिपंत फडके हे सगळे दोन्ही कारकिर्दींत आहेत. शिवाय महादजींनाही पत्रांतून माधवराव म्हटलेलं सापडतं. लढाई असेल तर बरं: राक्षसभुवन १७६३ थोरल्यांची, खर्डा १७९५ सवाईंची.

पेशव्यांचा शिक्का हाताशी असेल तर त्यात राजाचं नाव आधी आणि पेशव्याचं नंतर असतं: ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आणि पुढे ‘बाजीराव बल्लाळ’ प्रधान. १७४९ नंतरच्या शिक्क्यात शाहूंच्या जागी राजाराम येतात, आणि इथे नवखा वाचक हमखास घसरतो. हे राजाराम शिवाजी महाराजांचे पुत्र नव्हेत. महाराजांचे पुत्र राजाराम जिंजीहून परतून १७०० मध्येच सिंहगडावर वारले. शिक्क्यातले राजाराम म्हणजे साताऱ्याचे रामराजा, मृत्यू १७७७. कोल्हापुरातही दोन राजाराम आहेत: एक वीस वर्षांचे असताना १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले, दुसरे राजर्षींचे पुत्र, जन्म १८९७, गादीवर १९२२ ते १९४०. राजाराम कॉलेज १८८० चं आहे. तेव्हा ते राजर्षींच्या मुलाच्या नावाचं, असं जे सर्रास सांगितलं जातं, ते त्या मुलाच्या जन्मतारखेपुढेच टिकत नाही.

आडनावाने सुटणारी माणसं मी इथे फार घेत नाही. अफझलखानाच्या प्रसंगातले संभाजी कावजी कोंढाळकर, आरमारातले संभाजी आंग्रे, वारणेचा तह करणारे कोल्हापूरचे संभाजी. कान्होजी जेधे आणि कान्होजी आंग्रे. यांची गल्लत आळसाने होते. आडनाव किंवा गादी लिहिली की मिटलं.

तारखेचं मात्र नीट बघायला हवं, कारण सगळा निवाडा शेवटी वर्षावर येतो. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना माहीत असतं. ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच. जानेवारी लागला की फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पानिपत पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. ७८ मिळवले तर १७६० येईल, जे चूक आहे. आता शके १६९४ चा माघ घ्या. बरोबर हिशेबाने १७७३, पेशवे नारायणराव. ७८ मिळवले की १७७२ होतं आणि थेऊरला निवर्तलेले माधवराव पुन्हा कारभार करू लागतात. मोडी कागदांत बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६०-६१. आकडे उलटे, लहानापासून मोठ्याकडे लिहिलेले असतात, हे विसरलं की शतकच बदलतं.

बायकांच्या बाबतीत वडिलांचं नाव उपयोगी नाही, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं आणि पुष्कळदा पहिलं नावही बदलतं. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. आणि १८८२ नंतरच्या पुण्यातल्या कागदात नुसतं ‘रमाबाई’ असेल तर थांबाच. त्या साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि रमाबाई रानडे त्याच समाजात जात होत्या; एकाच खोलीत दोन रमाबाई. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या कलकत्त्यात १८७८ मध्ये मिळालेल्या, त्या एकीच्याच. शारदा सदन तिचं, १८८९. पुण्याचं सेवासदन दुसरीचं, १९०९. तिसऱ्या रमाबाई आंबेडकर, मृत्यू १९३५, त्यांचा घोळ सहसा होत नाही. चौथ्या थोरल्या माधवरावांच्या पत्नी. इथे नवऱ्याच्या नावाचीही कसोटी हात टेकते, कारण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांना सगळे माधवरावच म्हणत. ‘माधवरावांच्या रमाबाई’ म्हटलं तर दोघीही. मग फक्त साल उरतं: एक १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या, दुसरीचं लग्नच १८७३ मध्ये झालं.