जन्मस्थळ: मिरज

वैशालीचं ग्रीन कार्ड आलं, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना. चौघांचंही. काल पेढे घेऊन आली, मी मनापासून मिठी मारली, आणि ती गेल्यापासून काहीतरी खुपतंय.

तिचा अर्ज माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी गेला. दोघींचं कॉलेज वालचंदच, कामही तसंच. पण तिच्या नवऱ्याचा जन्म मस्कतचा, सासरे तिकडे नोकरीला असतानाचा. नवराबायकोपैकी एकाचा जन्म जिथला, त्या देशाच्या खात्यात दोघांचा अर्ज धरता येतो. पासपोर्ट भारताचाच, अर्ज मात्र ओमानच्या खात्यावर. मी मिरजेची, हे इस्लामपूरचे. संपला विषय.

नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. आकडा १९९० च्या कायद्यातला, आणि बायकापोरंही त्यातच मोजायची. वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. आइसलँडला जेवढी तेवढीच भारताला. हे सगळं मला पाठ आहे. वर्षानुवर्षं पाठ आहे. मग काल पेढा घशाखाली का उतरेना?

२०२२ च्या सप्टेंबरात आमच्या ईबी-२ ची, म्हणजे उच्च पदवीवाल्यांच्या गटाची, तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती, म्हणजे त्याआधीच्या अर्जांचा नंबर लागला होता. आमचा अर्ज फेब्रुवारी २०१५ चा. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळी फाइल लावून ठेवली. आईला फोनवर सांगूनही टाकलं. ऑक्टोबरात तारीख मागे गेली ती थेट एप्रिल २०१२ वर, डिसेंबरात आणखी मागे, ऑक्टोबर २०११. त्यानंतर आई त्याबद्दल विचारायचीच थांबली. असो.

माझ्या लेकीचं, सईचं मात्र ‘असो’ म्हणून सोडता येत नाही. कडेवर आली होती ती इथे. एकवीस पूर्ण झाली आणि आमची तारीख तोवर लागली नाही, की ती आमच्या अर्जातून बाहेर. मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा, मग एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि नोकरी लागली तर पुन्हा भारताच्या रांगेत अगदी शेवटी. तिचा धाकटा भाऊ आदू इथेच एडिसनला जन्मला, जन्मानेच अमेरिकन, त्याला यातलं काहीच नाही. एकाच ताटात जेवतात दोघं. यंदा सई आणि वैशालीचा ईशान बरोबरच कॉलेजचे फॉर्म भरतायत. ईशानला आता पर्मनंट रेसिडेंट लिहिता येईल. काल सई म्हणाली, ‘बरं झालं गं त्याचं, फार टेन्शनमध्ये होता,’ आणि दुसरा पेढा उचलला.

तिला खरंच बरं वाटलं होतं. मला का नाही?

२०१९ मध्ये देशांची मर्यादा उठवणारं बिल अमेरिकी संसदेच्या हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं, तेव्हा आम्ही किती आनंदलो होतो. २०२० च्या डिसेंबरात सेनेटनेही आपला मसुदा मंजूर केला, पण दोन्हींचा मेळ बसलाच नाही. आज पहिल्यांदा हिशोब पुढे नेला. मर्यादा उठली असती आणि एकूण आकडा तोच राहिला असता, तर आमची रांग हलली असती, पण वैशाली आमच्यामागे येऊन थांबली असती. ईशानचंही वय असंच वाढत राहिलं असतं. त्या दिवशी टाळ्या वाजवताना हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग दुपारी जरा शांत झाले. रांगेत आहोत तर आहोत. नोकऱ्या आहेत, मुलं चांगली आहेत, वैशाली चार घरं सोडून राहते आणि आता कुठे जाणार नाही.

पण आकडा वाढायलाच हवा. बायकामुलं त्या मोजणीतून बाहेर काढायला हवीत. आणि कडेवर आलेल्या मुलांचं वय अर्जाच्या तारखेला धरायला हवं, हे तर आधी. आमच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला हेच लिहायला घेतलंय, या वेळी ७ टक्क्यांवर न थांबता. सईबद्दलचा परिच्छेद तिला विचारून घालीन. ईशानच्या आईनेही सही करते म्हणून मघाशीच कळवलंय.