१/२० एस.ए.एफ.एस. : पोत, रंग आणि सोलापूरची धूळ

वेव्ह कंपनीच्या १/२० प्रमाणातल्या एस.ए.एफ.एस. (माणसाने आत शिरून चालवायचे काल्पनिक यांत्रिक चिलखत) या प्लास्टिक मॉडेल किटची जुळणी पूर्ण झाली असून रंगकाम आता शेवटच्या टप्प्यात आहे. हे चिलखत ज्या विज्ञानकथेतले आहे त्या ‘माशीनेन क्रीगर’ या मालिकेचा परिचय नसलेल्यांसाठी एवढेच सांगतो, की जपानी मॉडेलकार को योकोयामा यांनी १९८२ मध्ये ‘हॉबी जपान’ या मासिकातून ‘एसएफ३डी’ या नावाने ती सुरू केली आणि त्यातली मूळ यंत्रे रणगाडे, विमाने, मोटारी यांच्या किटमधले सुटे भाग जोडून घडवली. कथा २८८० च्या दशकातली असली, तरी ही चिलखते एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमधून बाहेर पडल्यासारखी दिसतात. जे यंत्र कोणी कधी पाहिलेलेच नाही, ते खरे वाटायचे असेल तर त्याच्यावरची झीज तरी आपण डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे, अशी माझी धारणा आहे आणि या कामात मी तीच धरून चाललो आहे.

या चिलखताचे धड अंडाकृती आहे आणि साच्यातून ते अगदी गुळगुळीत निघते. ओतीव पोलाद इतके गुळगुळीत नसते. म्हणून दोन्ही अर्ध्या भागांमधला सांधा आधी ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून नाहीसा केला, त्यावर मिस्टर सरफेसर ५०० हा दाट प्रायमर आखूड, राठ केसांच्या ब्रशने टिपत टिपत लावला आणि तो पूर्ण वाळल्यावर वर आलेली टोके पुन्हा ६०० नंबरच्या पेपरने हलकेच बसवली. प्रमाणाचे भान इथेच सुटण्याची शक्यता असते, कारण या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा प्रत्यक्षात एक सेंटिमीटरचा होतो आणि चिलखताऐवजी ओबडधोबड दगड दिसू लागतो. वेल्डिंगच्या रेषांसाठी मेणबत्तीवर ताणून बारीक केलेला स्प्रू (किटचे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची काडी) चिकटवला, पातळ सिमेंटने तो मऊ पडताच सुरीच्या पात्याने जवळजवळ खाचा दाबल्या. सांध्यांवरची सुरकुतलेली आवरणे इपॉक्सी पुट्टीची आहेत.

रंग ब्रशनेच दिला. योकोयामा स्वतः ब्रशने रंगवण्यासाठी ओळखले जातात हे एक कारण आहेच, पण दुसरे कारण सोलापूरच्या हवेत आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला, की एअरब्रशमधून निघालेला ॲक्रिलिक रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच अर्धा वाळतो, त्यामुळे तिथे खरखरीत भुकटी बसते आणि सुईच्या टोकाशी रंग साचत राहतो. ब्रशच्या कामात रिटार्डरचे, म्हणजे रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब घालून वेळ वाढवता येतो. मी पहाटे, ऊन तापण्यापूर्वी, पातळ थर देतो आणि प्रत्येक थरात मूळ हिरवट करड्या रंगाची छटा किंचित बदलतो. खालच्या थराच्या कडा वरून पुसट दिसत राहतात आणि पृष्ठभागाला एक जिवंतपणा येतो, जो एकसारख्या फवाऱ्यातून सहसा मिळत नाही. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी ओला रंग झाकणाच्या डब्यात ठेवूनच वाळवावा, कारण सुताचा तंतू एकदा रंगात बसला की तो काढताना थरही निघतो. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) लावताना बोअरचे पाणी टाळावे, हेही सांगून ठेवतो. त्यातले क्षार वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

वेदरिंगसाठी, म्हणजे वापराची झीज आणि मळ दाखवण्यासाठी, मी विजापूर रोडवर उसाच्या ट्रॉल्या पाहत उभा राहिलो. ड्रायव्हरचा पाय रोज जिथे पडतो त्या पायरीवर गंज नव्हता. रंग पूर्ण गेलेला होता आणि लोखंड घासून चकचकीत झाले होते. गंज होता तो पायरीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे पाय पोचत नाही आणि धुळीत ओल धरून राहते. दोन्हींमध्ये जेमतेम बोटभर अंतर होते. त्यामुळे चिलखताच्या झाकणाची कड आणि वैमानिक आत शिरताना हात टेकेल ती जागा मी मऊ पेन्सिलीच्या शिशाने घासून धातूसारखी केली, तर बिजागरीच्या मागे आणि खोबणीत बर्न्ट अंबरचा ऑइल रंग अगदी थोडा भरला. लांबलचक तांबूस ओघळ मुद्दाम टाळले. रत्नागिरीच्या बंदरातल्या बोटीवर ते शोभतील. आपल्या पर्जन्यछायेतल्या मुलखात यंत्र गंजण्यापेक्षा धुळीने फिके पडते.

एनॅमल वॉश (खाचाखोबणीत उतरणारा अगदी पातळ रंग) देण्याआधी सर्व सांध्यांवर वार्निशचा थर आहे ना, हे तपासून घेतले. किटच्या उघड्या प्लास्टिकवर, म्हणजे पॉलिस्टायरीनवर, त्यातही ताण असलेल्या जागी, एनॅमल थिनर झिरपला तर भाग तडकतो.

धुळीच्या रंगाबद्दल माझे मत ठाम आहे. आपली काळी माती ओली असेपर्यंतच काळी असते. वाळली की ती राखाडी तपकिरी होते, आणि मुरमाच्या रस्त्यावर तिच्यात तांबूस पिवळी झाक मिसळते. शेतातली माती वस्त्रगाळ करूनही या प्रमाणासाठी तिचा कण मोठाच राहतो, म्हणून सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या किसून तीन छटा तयार केल्या. पावलांवर गडद छटा ओली लावली, घोट्यापासून वर फिकी छटा कोरडीच झटकली आणि चिखलाचे शिंतोडे दीड सेंटिमीटरच्या वर जाऊ दिले नाहीत, कारण चालणाऱ्या यंत्राने फूटभर उंच चिखल उडवला तरी तो पुष्कळ झाला. मॅट वार्निशमुळे या छटा गडद होतात, म्हणून तो आधीच दिला आहे. पेस्टल आता फक्त पिगमेंट फिक्सरच्या थेंबांनी बसवायचे आहे. त्यानंतर वैमानिकाचा चेहरा आणि कॅमेऱ्यांच्या भिंगांवरचा चमकदार थर एवढे काम बाकी राहील.