छताच्या मधोमध आभाळ

कझाकस्तानातल्या अल्माटीच्या संग्रहालयातल्या युर्टमध्ये, म्हणजे भटक्या पशुपालकांच्या गोल तंबूत, मी बराच वेळ मान वर करून उभी होते. डोक्यावर शानराक, म्हणजे छताचं गोल लाकडी कडं, आत एकमेकींना छेदणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्या. चुलीचा धूर तिथूनच बाहेर जातो, उजेड तिथूनच आत येतो. कझाक माणसाला त्यात आभाळ दिसतं, घराणंही दिसतं. वडिलांचं घर परंपरेने धाकट्या मुलाकडे जातं. त्याला म्हणतात कारा शानराक. कारा म्हणजे काळा, पण इथे थोर, मूळ असा अर्थ. किती सुंदर शब्द! १९९२ साली हाच शानराक देशाच्या राजचिन्हाच्या मध्यभागी आला.

नमद्यावर, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडावर, मेंढ्याच्या शिंगांची वळणदार नक्षी होती. ज्यांचं जगणंच कळपावर, त्यांची समृद्धीची खूण हीच असणार. निघताना उंबरठ्यावर पाय पडू दिला नाही. तिथे ते अशुभ मानतात.