जळगाव विमानतळ ते हॉटेल, लालपरीनं

जळगावला विमानानं जाता येतं हे पुण्यात अजून कितीतरी जणांना सांगावं लागतं. "जळगावला? विमान?" असं दोनदा विचारतात. धावपट्टी जुनीच, पण आत्ताच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं, त्या इथल्याच, आणि प्रवासी विमान खरोखर उडायला उडान योजनेतला २०१७ चा डिसेंबर उजाडला. त्यानंतरही विमानं सुरू झाली, बंद पडली, परत सुरू झाली. मी गेले तेव्हा पुण्याहून पंख्याचं विमान होतं, छोटंसं, आणि खरं सांगते, रात्रभर ट्रॅव्हल्समधे अंग आंबवत जाण्यापेक्षा हे फार म्हणजे फारच सुखाचं आहे. खाली काळी जमीन, कपाशीचे पांढरे ठिपके, मधेच केळीचे हिरवेगार पट्टे दिसायला लागले की उतरायची वेळ झालेली असते.

काम होतं केळीवरच्या रोगांच्या परिषदेचं. मी व्हायरसवर काम करते, प्रयोगशाळेत, आणि परिषद शहरातल्या एका चांगल्या हॉटेलात होती, आकाशवाणी चौकाच्या जवळ. आयोजकांनी कळवलं होतं की गाडी करून या, बिल लावा.

आता बाहेर आल्यावर जे झालं त्याचा मला अजून राग येतो. एक गाडीवाला पुढे आला, बॅग हातातनं घेतलीच जवळजवळ, आणि म्हणाला सहाशे. शहर हाकेच्या अंतरावर, अजिंठा रोडनं सरळ गेलं की अजिंठा चौफुली, तिथनं हायवेनं इच्छादेवी, मग आकाशवाणी. याचे सहाशे? मी म्हटलं दादा, माझं आजोळ धरणगावचं, मला रस्ता माहितीये. तर म्हणे "मॅडम, कंपनी देते ना, तुम्हाला काय." हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. कंपनी देते, सरकार देतं, म्हणून कितीही मागायचं आणि आपण द्यायचं, आणि मग ज्याला स्वतःच्या खिशातनं द्यायचेत तो म्हातारा माणूस, पुण्याला ऑपरेशन करून आलेला, त्यानंही तेवढेच द्यायचे का? माझ्याच विमानात तसे एक आजोबा होते, मुलगा हात धरून चालवत होता, म्हणून हे डोक्यात आलं.

मी बॅग ओढत चालत मेन रोडला आले. डिसेंबरची सकाळ, ऊन छान, वारा गार. रोडच्या कडेला चहाची टपरी होती, तिथल्या भाऊंना विचारलं एसटी कधी येते. ते म्हणाले "येतीच राहते ना ताई, जामनेरची येईल, पहूरची येईल, सिल्लोडची येईल, हात द्या फक्त." आणि बसायला स्टूल दिलं, चहाचे पैसे घ्यायलाच तयार नव्हते, मी बळंच ठेवले. ज्या रस्त्यावरनं एवढ्या गाड्या जातात त्या रस्त्याला विमानाच्या वेळेला एक गाडी आत वळवून आणायची म्हटली तर काय अवघड आहे असं मला तिथं बसून वाटत राहिलं, आणि आजही वाटतं.

जामनेर-जळगाव गाडी आली. भरलेली. हात दिला तर ड्रायव्हरनं बरोबर माझ्यापुढे आणून उभी केली. कंडक्टरनं माझी बॅग स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागे आडवी टाकली, वर म्हणाला "आधी आत या ताई, दार लागू द्या." बायकांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, ते मला माहीत होतं, पण विमानातून उतरून अर्ध्या तिकिटात शहरात जाता येतं हे प्रत्यक्ष हातात तिकीट आल्यावर जास्त कळलं. चहाच्या पैशात दोन वेळा गेले असते म्हणा ना.

जागा नव्हतीच, पण एक आजी सरकल्या. मांडीवर केवढी तरी मोठी पिशवी, त्यातनं पांढरट हिरवी भरताची वांगी वर आलेली, एकेक वांगं नारळाएवढं. "बस नं माय, जागा हाये." मी टेकले. कुठून आली, कुठी जायाचं, लग्नाला का, सगळं विचारून झालं. त्या लेकीकडे निघाल्या होत्या, पंचाहत्तरी उलटलेली, "मले तर फुकट हाये, मी काय, रोज बी येईन." मग भरताचं सुरू झालं. वांगी पऱ्हाट्यांवरच, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच भाजायची, गॅसवर नाही, गॅसवर भाजलेलं भरीत लेकीच्या सासरच्यांनी केलं तर त्या खातच नाहीत. नंतर बडगीत, म्हणजे लाकडी उखळीसारख्या भांड्यात घालून ठेचायची, मिरची-लसूण आधी, मग वांगं, मग कांद्याची पात आणि शेंगदाणे. मिक्सरमधे फिरवलं तर त्याला भरीत म्हणायचं नाही. हे सांगताना त्यांचा हात मांडीवरच्या पिशवीवर ठेचल्यासारखा वरखाली होत होता. मी माझ्या आजीचा हात बघत होते असं वाटलं आणि थोडा वेळ मला बोलताच येईना.

मी केळीच्या मीटिंगला आलीये म्हटल्यावर पुढच्या सीटवरचे आप्पा पूर्ण मागे वळले. डोक्याला उपरणं, हातात बँकेच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी. "मग मॅडम, हरण्याचं काय ते सांगा." हरण्या म्हणजे आमचा सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस, पानावर पिवळे पट्टे येतात, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, झाड उभं राहतं पण घड येत नाही. त्यांची लागवड नवी होती, पावसाळ्यात पंधरा दिवस आभाळ राहिलं आणि मग पट्टे दिसायला लागले. त्यांनी रोगट झाडं उपटून जाळली होती. आम्ही तेच सांगतो, उपटा, नष्ट करा, हा रोग पसरवणारी मावा ही बारीक कीड आटोक्यात ठेवा, बांधावरचं तण काढा, केळीत काकडी-भोपळावर्गातली पिकं घेऊ नका, पहिले तीन-चार महिने फार सांभाळा. मी हे सगळं सांगितलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "मी उपटलं हो. शेजारच्यानं नाही उपटलं. त्याचं कर्ज हाये, त्याला उपटवत नाही. त्याचा मावा माझ्याकडे येतो. आता मी काय करू?"

बसमधे एकदम चारपाच जण बोलायला लागले. एक म्हणाला गावानं ठरवलं पाहिजे, एक म्हणाला रोपाचे पैसे कोण देणार, मागनं कोणीतरी रोपवाल्यांवर घसरलं. आजी म्हणाल्या, "शेजाऱ्याला समजव नं, भांडू नको." चौफुली आली, इच्छादेवी आली, मला बाहेर बघायला वेळच मिळाला नाही. आप्पांना मी आमच्या प्रयोगशाळेचा नंबर लिहून दिला, पानाचा नमुना कसा पाठवायचा तेही सांगितलं, ओल्या कागदात गुंडाळू नका, सुक्या कागदात पाठवा.

आकाशवाणी चौकात कंडक्टरनं स्वतः बेल मारली. "ताई, तुमचं हॉटेल, रोड सांभाळून क्रॉस करा." बॅग खाली उतरवून दिली. आजींनी खिडकीतनं एक वांगं पुढे केलं, मी नको नको म्हणत होते, तोवर गाडी सुटली आणि वांगं हातात.

हॉटेल उत्तम होतं, एसी इतका की शाल काढावी लागली. परिषद झाली, दोन दिवस भाषणं ऐकली. माझ्या भाषणात मी आदल्या रात्री एक स्लाइड घातली, शेजारचा शेतकरी उपटत नसेल तर काय, आणि ज्यानं उपटायचं त्याच्या नुकसानीचं काय, आणि खुल्या चर्चेत सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच गेला. कोणाकडे पक्कं उत्तर नव्हतं, पण गावपातळीवर एकाच वेळी उपटणी करायची, तीही भरपाई आधी ठरवून, एवढ्यावर बऱ्याच जणांचं एकमत झालं. ते कागदावर उतरावं म्हणून मी मागे लागलेली आहे.

परत निघताना रिसेप्शनवरचा मुलगा लगेच गाडी बुक करायला निघाला. मी म्हटलं नको, स्टँडवर जाते. शेअर रिक्षानं नवीन बसस्थानक, तिथं जामनेरची गाडी लागलेलीच होती, कंडक्टरला सांगितलं विमानतळ, तो म्हणाला फाट्यावर उतरवतो. तुम्ही जाणार असाल तर सामान कमी ठेवा, हातात अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवा, आणि गाडी दिसली की हात द्या.