अल्टुरा, नोंद ३: डिकीचं दार, वायरी आणि गळती

गाडी मारुती बलेनो अल्टुरा, म्हणजे जुन्या बलेनो सेडानची स्टेशन वॅगन, 1590 सीसी पेट्रोल, पासिंग एमएच-04. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलून झाले. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे बरेच पार्ट बलेनो सेडानचेच असल्यामुळे कुर्ल्याच्या बाजारात शोधाशोध करून निभावतं. मागची काच, मागचे दिवे आणि डिकीचं दार मात्र फक्त अल्टुराचं. म्हणून गाडी बघायला गेलात तर बॉनेट नंतर उघडा, आधी डिकी.

दार अर्धं उघडून हळूहळू वर-खाली करा. नंबरप्लेटचा दिवा लुकलुकला, की छत आणि दाराच्या मधल्या रबरी बुटात (वायरी झाकणाऱ्या लवचिक नळीत) वायर तुटली आहे असं समजा. दार उघडताना वायर दरवेळी तिथेच वाकते. उघडी पडलेली तार पत्र्याला लागली की फ्यूज जातो आणि मेकॅनिक भलतीकडेच शोधत बसतो.

या आठवड्यात तेच काम. बूट सोडवून एकेक वायर मल्टिमीटरने तपासली. दिवा, वायपर, लॉक यांना 1 चौरस मिमीची, डिफॉगरला (मागच्या काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारांना) 2.5 चौरस मिमीची, सिलिकॉन आवरणाची बारीक तारांची वायर घेतली. जोड बुटाच्या आत ठेवू नका; सोल्डर ताठ असतो, तिथे वायर पुन्हा मोडते. नवा तुकडा एवढा लांब घ्या की एक टोक छताच्या लायनिंगमागे आणि दुसरं दाराच्या आत जाईल. जोड मागेपुढे ठेवून प्रत्येकावर हिट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). दाराची अर्थिंगची वायरही बदला, ती बहुतेक जण विसरतात.

मागच्या काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची नळीही इथूनच जाते. चिरली असेल, तर पाणी लायनिंगमध्ये उतरतं आणि दोष काचेच्या रबराला मिळतो.

गळती शोधायला एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइप मारायचा, खालून वर. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं. मागच्या दिव्यांचं फोम गॅस्केट सुकलं होतं. त्याजागी बुटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन नको, त्याने पत्रा गंजतो. सीएनजीची टाकी काढलेली गाडी असेल, तर मॅट उचलून फ्लोअरची भोकं मोजाच! खाडीकडच्या दमट हवेत, वाशी काय नि कोपरी काय, ती आतून गंजत जातात.

दार वर थांबत नसेल तर दोन्ही शॉकर (दार वर धरणारे गॅसचे दांडे) एकदम बदला. जुन्यावर छापलेला न्यूटनचा आकडा, पूर्ण उघडी लांबी आणि टोकाच्या बॉलचं माप लिहून न्या. काढण्याआधी दाराला बांबूचा टेकू द्या, नाहीतर दार डोक्यावर.

पुढचं काम कागदांचं. 15 वर्षं उलटल्यावर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, अर्ज फॉर्म 25 चा, वर पर्यावरण कर. नावावर करून घेण्याआधी हे विक्रेत्याकडून उरकून घ्या.